ठेवणीतले जोडे

इंझोरीच्या पुंजाजीच्या घरात नवी वस्तू आली की ती वापरायची नसे, ठेवायची असे. मुलाच्या लग्नात आलेला स्टीलचा डिनर सेट अजून खोक्यातच होता. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक फाटलं तेव्हा पुंजाजीनं ते काढलं नाही, त्यावरून दुसरं चढवलं. त्याच्या वडिलांनी तर ऐन उमेदीत एक गरम कोट शिवून घेतला होता. चांगल्या प्रसंगी घालू म्हणून ठेवला. प्रसंग आले आणि गेले, म्हाताऱ्याला त्यातला एकही कोटाच्या तोलाचा वाटला नाही, आणि शेवटी कसरीनं तो खाऊन टाकला. माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. फक्त चांगल्या दिवसाची वाट बघण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होती.

अशा घरात साधना सून म्हणून आली, आणि तिला पळायचं होतं.

नुसती हौस नव्हती ती. तिला पोलिसात जायचं होतं. लग्नाआधी एकदा भरतीला उतरली होती आणि थोडक्यात हुकली होती. लग्न झालं. नवरा पवन पुण्याकडं कारखान्यात कामाला, तो सणासुदीला येणार. इकडं रांधा, वाढा, उष्टी काढा करताना तिच्या डोक्यातून ते मैदान काही जाईना. एका संध्याकाळी तिनं धीर करून सासूला सांगितलं. गोमतीबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली. सून रस्त्यानं पळणार म्हणजे गावाच्या तोंडाला फुकटचा चारा! पुंजाजी ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. कोणाकडंही न बघता तो म्हणाला, "मंग भरू दे ना फारम. पाय तिचे हायेत, गावाचे थोडीच हायेत?"

या एका वाक्यासाठी साधनानं मनातल्या मनात त्याचे किती उपकार मानले, याची त्याला कल्पना नव्हती. पुढं जी गडबड झाली ती त्या उपकारांमुळंच झाली.

पहाटे तिला एकटीला कसं सोडायचं? रस्त्यावर कुत्री, शेतातून येणारी रानडुकरं. मग पुंजाजीच सायकल काढू लागला. हँडलला बॅटरी बांधायची, तिनं पुढं पळायचं आणि यानं मागून उजेड दाखवत यायचं. पण झालं काय, घरात जिच्या डोक्यावरचा पदर सासऱ्यासमोर ढळत नाही, ती ट्रॅकपँट घालून पुढं पळणार. पुंजाजीनं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. सायकल सुनेच्या मागं चालवायची आणि नजर ठेवायची रस्त्याकडेच्या निंबांवर. या नादात एकदा तो मैलाच्या दगडावर जाऊन आदळला, गुडघा फुटला, पण नजर काही सरळ केली नाही.

बघायचं नाही म्हटल्यावर कान तयार झाले. पाऊल कसं पडतं यावरून त्याला साधना ताजी आहे की दमली आहे, आज घरात सासूशी काही बिनसलं आहे की काय, सगळं कळू लागलं. मार्गशीर्षात तो आवाज बिघडला. डावं पाऊल नीट पडायचं, उजवं मात्र टेकतं न टेकतं तोच घाईनं उचललं जायचं. पुंजाजीनं घरी येऊन गोमतीबाईला सांगितलं, "तिले विचार, उजव्या पायाले काय झालं." सुनेला असलं थेट विचारायची रीत नव्हती. सुनेच्या पायाचा निरोपही सासूमार्फतच जायचा.

नडगी दुखत होती. महिनाभर दुखत होती आणि पोरीनं ती ओढणीनं बांधून झाकली होती. कारंज्याच्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, हाड शाबूत आहे म्हणाले, थोडे दिवस आराम सांगितला. मग तिचा जुना जोडा उचलून तळव्यात अंगठा दाबला, तर अंगठा आरपार जायचा बाकी राहिला. "हा जोडा नाही, पुठ्ठा आहे. डांबरी रस्त्यावर यानं पळाल तर नडगीचं हाड तडकेल, आणि मग मैदान विसरा."

मैदान विसरून चालणार नव्हतं. ही भरती गेली की पुढच्या भरतीला साधनाचं वय निघून गेलेलं असणार होतं. घरातल्या तिघांनाही हे माहीत होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नसे.

डॉक्टरांकडून सासरा-सून तसेच शफीकभाईच्या दुकानात गेले. पुंजाजी हा शफीकच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक, म्हणजे पाच-सहा वर्षांतून एकदा एक चप्पल.

"या काका. तुटली काय चप्पल?" शफीकनं विचारलं.

"तुटाले काय झालं तिले? सुनेले पळाचे जोडे पायजेत. पोलीस भरती हाय."

शफीकनं तीन-चार खोकी काढली आणि त्यातले दोन जोडे समोर ठेवले. एक चकचकीत, हलका, बाजारात सगळीकडं दिसतो तसा. दुसरा शेंदरी रंगाचा, दिसायला बोजड, खाली जाडजूड पांढरा सोल. अंगठा दाबला की सोल आत जायचा आणि सोडला की हळूच वर यायचा. पहिल्याची किंमत ऐकून पुंजाजीनं मान डोलावली. दुसऱ्याची ऐकली आणि मान तिथंच थांबली.

"साडेचार हजार? अरे, एक क्विंटल सोयाबीन झालं थे! एक क्विंटल सोयाबीन पायात घालून पळाव माणसानं?"

"याच्याहून महाग बी हायेत काका," शफीक हसून म्हणाला. "पण थे मी तुमाले दाखवून नाही राह्यलो. थे शौकीन लोकायचं काम हाय. थ्यात रंग जादा हाय, नावाचे पैसे जादा हायेत."

"आन् हा स्वस्तातला?"

"हा बी जोडाच हाय. चालाले फिराले मस्त. पण सडकेवर रोज पळालं का याची गादी बसून जाते."

साधनानं एव्हाना स्वस्तातला जोडा पायात घातलाही होता. लेस न बांधताच ती म्हणाली, "मामाजी, हेच बरे हायेत. हलके हायेत."

पुंजाजीनं उभ्या जन्मात पुष्कळ बैल घेतले होते आणि विकले होते. मनात एक ठेवून तोंडानं दुसरं बोलणारं गिऱ्हाईक त्याला लांबून ओळखू यायचं. "असं कर," तो म्हणाला, "दोनी घालून पाह्य. बोळीतून पळून ये जराशी."

साधना लाजत लाजत बोळीत उतरली. पुंजाजी बोळीकडं पाठ करून, कपाटातल्या लहान मुलांच्या बुटांकडं एकटक बघत उभा राहिला.

"काका, तिकडं पाहा ना," शफीक म्हणाला.

"पाहूनच राह्यलो."

शफीकला काही कळलं नाही. साधना पहिला जोडा घालून आली, दुकानाच्या पायरीशी थांबली आणि आधी डावा पाय वर ठेवून चढली. महिनाभर घरची पायरीही ती अशीच चढत होती. पायरीकडं बघायला काही हरकत नव्हती, त्यामुळं हे पुंजाजीच्या ध्यानात होतं. मग शेंदरी जोडा घालून गेली. परत आली ती न थांबता सरळ वर चढून आली, आणि आपण कोणता पाय आधी टाकला हे तिच्या गावीही नव्हतं.

पुंजाजी खाली स्टुलावर बसला. त्याला वडिलांची बैलजोडी आठवली. कापसाची गाडी डांबरी सडकेनं कारंज्याला न्यायची म्हटली की आधी बैलांच्या खुरांना पत्री ठोकायची, मग पुढचं बोलणं. स्वतःच्या अंगावर कोट न घालणारा तो म्हातारा बैलाच्या पायातल्या लोखंडाला कधी घासाघीस करत नसे.

"बैल बी बिनापत्रीचा सडकेवर कोणी घालत नाही," तो मोठ्यानंच म्हणाला. "आन् हिले आपण इतके दिवस तशीच पळवून राह्यलो."

भर दुकानात सासऱ्यानं आपल्याला बैलाच्या रांगेत बसवलं म्हणून साधनानं ओढणी तोंडाला लावली, पण हसू काही लपलं नाही.

"पण शफीक, खरं सांगजो. इतके पैसे पाण्यात तं नाही जाणार?"

"काका, जोडा काही पळत नसते. पळते थे पोरगीच. हा फकत हादरा खाते. सध्या थो हादरा तिची नडगी खाऊन राह्यली." शफीकनं तिच्या अंगठ्यापुढं आपला अंगठा दाबून बघितला, पळताना पाय फुगतो म्हणून एक नंबर मोठा दिला, आणि खोकं बांधलं.

येताना एसटीत पुंजाजीनं ते खोकं मांडीवर धरलं होतं. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही. घरी गोमतीबाईनं जोडे बघितले, सोल दाबून बघितला, आणि "गादीच हाय वं माय," म्हणून परत दाबला. आणि मग पुंजाजीनं, घराण्याच्या रीतीला जागून, आपल्या आयुष्यातला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा निर्णय जाहीर केला.

"हे आता भरतीच्या दिवशीच घालजो. तवरोक जुन्यावर भागव. उगा झिजवाचे नाहीत."

साधनानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुंजाजीला वाटलं, पोरीला भरून आलं. जोडे गोमतीबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले गेले, वर डांबरगोळ्या पडल्या, आणि लग्नातल्या शालूशेजारी लोखंडी पेटीत जाऊन बसले.

आराम संपवून साधना पुन्हा पळू लागली. पौषाचं दाट धुकं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि बॅटरीच्या उजेडाच्या पुढं ते दुखरं पाऊल. दिवसागणिक आवाज बिघडत चालला होता. पुंजाजी निंबांकडं बघत तो ऐकायचा, आणि मग स्वतःची समजूत घालायचा की असू दे, घरी जोडे आहेत ना. जसा काही पेटीत बसल्या बसल्या त्यांचा गुण सुनेच्या पायात उतरणार होता.

तूर निघाली. पुंजाजी ती घेऊन कारंज्याच्या बाजार समितीत गेला, आणि काम झाल्यावर एक पिशवीभर हिरव्या शेंगा घेऊन शफीककडं वळला. चांगला जोडा दिला, त्याची काहीतरी आठवण ठेवली पाहिजे.

"अरे वा, काका!" शफीकनं शेंगा घेतल्या. "आन् जोडे कसे चालून राह्यले?"

"एकदम कोरे," पुंजाजी छाती काढून म्हणाला. "धुळीचा कण नाही लागू देला."

"म्हंजे?"

"पेटीत हायेत. डांबरगोळ्या टाकून."

शफीकच्या हातातली पिशवी काउंटरवर पडली. "काका, जोडा म्हंजे काय शालू हाय? पेटीत काय करून राह्यले थे?"

"भरतीच्या दिवशी घालन ना."

"भरतीच्या दिवशी कोरा जोडा घालून पळवता? टाचेले फोड येऊन बसन ना रस्त्यातच! जोड्याले पाय समजाले लागते, पायाले जोडा समजाले लागते. आन् थे बी सोडा. मैदानावर पळणं कितीसं? दोन-तीन मिनिटाचा खेळ. नडगी मोडते थे रोजच्या सरावात. गादी तिथं पायजे होती, काका. रोज हाड ठोकाचं आन् शेवटच्या दिवशी त्याच्याखाली गादी घालाची, याले काय अर्थ हाय?"

पुंजाजीचा चेहरा बघून शफीकच वरमला. "चूक माहीच हाय. जोडा पायात घालाचा असते, हे मी सांगाले पायजे होतं."

"असं कोण सांगते रे कोणाले," पुंजाजी पुटपुटला आणि उठला.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला, आणि ते सगळे दुखरे आवाज एकामागून एक त्याच्या कानात परत वाजू लागले. ते त्यानं स्वतः ऐकले होते, रोज, आणि औषध घरातल्या पेटीत कुलपात ठेवून ऐकले होते. त्याला स्वतःचा असा राग आला की गावाच्या फाट्यावर उतरायचं सोडून तो पुढच्या थांब्यापर्यंत गेला आणि चालत मागं आला. चालता चालता त्याला आणखी एक गोष्ट उमगली. साधनाला हे माहीत असणार. पळणाऱ्या पोरीला हे माहीत नसेल कसं?

साधना अंगणात तूर पाखडत होती. पुंजाजी सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. गोमतीबाईमार्फत नाही, निंबाकडं बघून नाही.

"नवे जोडे आधीपासून घालाचे असतात, हे तुले माहीत होतं?"

सूप थांबलं. साधनानं मान खाली घातली. "होतं, मामाजी."

"मंग काहून नाही बोलली?"

तिनं सूप खाली ठेवलं. मग एकदम बोलली. "तुमी घेऊन देले. सगळं गाव नावं ठेवून राह्यलं होतं तवा तुमी मले पळ म्हटलं. रोज पहाटे थंडीत सायकल काढता. माह्या सख्ख्या बापानं बी मले इतके महाग जोडे घेऊन देले नसते. तुमी म्हटलं ठेव, मंग मी कोण्या तोंडानं म्हणू, का काढा?"

पुंजाजीला वाटलं होतं आपण रागावू. राग कुठल्या कुठं गेला. एखाद्यासाठी आपण चांगलं करत जावं, आणि त्या चांगुलपणाच्या ओझ्याखाली त्याला दुखतंय एवढंसुद्धा म्हणता येऊ नये, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो आत गेला. पेटी उघडली, लुगड्याची घडी सोडली, जोडे घेऊन बाहेर आला. आणि खाली वाकून त्यानं ते आपल्या हातानं सुनेच्या पायापाशी ठेवले.

साधना झटकन मागं सरकली. दारात गोमतीबाईचा पदर तोंडाकडं गेला. त्या घरात कोण्या बाप्यानं कोण्या बाईसमोर असं वाकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि इथं तर सासरा होता.

"घाल," पुंजाजी म्हणाला. "आन् उपकार मानाचे असतीन तं पोलीस झाल्यावर मान. तवरोक मले भांडत जा. समजलं?"

साधना रडली, मग हसली, मग जोडे घातले. डांबरगोळ्यांच्या वासानं तिला शिंकही आली.

पहिले दोन-तीन दिवस टाचेला लागलं. गोमतीबाईनं रोज खोबरेल तेल लावून दिलं आणि लावताना शफीकला, डॉक्टरला आणि नवऱ्याला आळीपाळीनं बोल लावले. मग टाच रुळली. नडगीची सूज हळूहळू उतरली.

आणि एका पहाटे पुंजाजी नेहमीसारखा निंबांकडं बघत सायकल चालवत होता, तर पुलाच्या अलीकडं त्यानं एकदम कान टवकारले. पायांचा आवाजच नव्हता. धुक्यात नुसती आपली साखळी कुरकुरत होती. पोरगी कुठं पडली की काय, मागं राहिली की काय? त्यानं घाबरून समोर बघितलं.

साधना पळत होती. बॅटरीच्या उजेडात, पाठ ताठ, वेणी या खांद्यावरून त्या खांद्यावर, दोन्ही पावलं एकसारखी, आणि ते शेंदरी जोडे रस्त्याला लागून न लागल्यासारखे. आवाज नव्हता, कारण दुखणं नव्हतं.

पुंजाजी बघतच राहिला. इतके दिवस तो हिच्या मागं होता आणि ही इतकी सुंदर पळते हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला शफीकचे उपकार वाटले, डॉक्टरचे वाटले, असली पोरगी घरात आणली म्हणून पवनचे वाटले. सोलाखाली गादी घालावी हे ज्या कोण्या माणसाला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण त्याचंही भलं होवो असं मनापासून वाटलं. डोळे भरून आले, सायकल थोडी वाकडी गेली, तरी त्यानं निंबाकडं नजर वळवली नाही.

वाशिमच्या मैदानावर भरतीच्या दिवशी घरच्यांना आत सोडत नव्हते. फाटकाबाहेर आई-बापांची, भावांची गर्दी. साधना आत गेली आणि पुंजाजी तिची पिशवी पोटाशी धरून फाटकाचे गज पकडून उभा राहिला. तिची धाव त्यानं लांबून बघितली खरी, पण तोंडातून एक अक्षर फुटलं नाही. सगळं आटोपून साधना बाहेर आली ती धापा टाकत, घामानं निथळत.

"मामाजी, आठशे मीटरमंधी पैकीच्या पैकी!" मग चेहरा जरा उतरला. "गोळा मात्र कमी गेला. आता एका-एका मार्कावर हाय."

पुंजाजीनं पाण्याची बाटली पुढं केली. ती पाणी पीत होती तेवढ्यात शेजारी कोणी तरी हुंदका दिल्याचा आवाज आला.

फाटकाच्या भिंतीला टेकून एक पोरगी बसली होती. छातीवर नंबर लावलेला, हातात जोडा, आणि जोड्याचा सोल जीभ काढावी तसा खाली लोंबत होता. तिची आई केसांच्या रिबिनीनं तो बांधायची धडपड करत होती. मालेगाव तालुक्यातल्या मेडशीहून आल्या होत्या दोघी. मैदानावर चांगलं दिसावं म्हणून आईनं आदल्या दिवशी जोडे धुतले, वाळावेत म्हणून चुलीच्या तोंडाशी ठेवले, आणि डिंक सुटला. "म्या वं माय, म्याच," ती बाई कपाळाला हात लावत म्हणत होती. पोरगी तिला काही बोलत नव्हती, नुसती रडत होती. तिच्या तुकडीचा पुकारा होण्यात होता.

साधनानं बाटली खाली ठेवली. तिची नजर त्या पोरीच्या पायांवर गेली, मग स्वतःच्या. हात लेसपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं वर, पुंजाजीकडं बघितलं.

पलीकडं उभा असलेला एक माणूस पुंजाजीच्या कानाशी लागला. "काका, येडेपणा नका करू. थे बी याच भरतीत हाय. एका मार्कानं तुमच्या सुनेचीच जागा खाईन ते."

खरं होतं. पुंजाजीला ते गणित कळत होतं. साधनाची ही शेवटची भरती होती, आणि समोरच्या पोरीला जोडे दिले तर ती आणखी जोरात पळणार होती. एक क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात आलं की आपण तिकडं बघितलंच नाही असं करावं. इतके दिवस समोर न बघण्याची सवय होतीच.

पण साधना अजून त्याच्याकडं बघत होती. काही मागत नव्हती. तो नाही म्हणाला असता तर ती लेसवरचा हात काढून घेणार होती आणि या गोष्टीबद्दल जन्मात कधी बोलणार नव्हती.

"सोड लवकर," पुंजाजी म्हणाला. "पुकारा होऊन राह्यला."

साधनानं जोडे काढले, मोजेही काढून दिले. पोरीचा पाय थोडा लहान होता. पुंजाजी तिथंच धुळीत बसला, शफीकसारखा पुढून अंगठा दाबून बघितला, आणि दोन मोज्यांवर लेस घट्ट बांध म्हणाला. पोरगी हात जोडून पळत आत गेली.

साधनाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, कोणाचा जीव टांगणीला नको. लेखी परीक्षा झाली, शेवटच्या यादीत तिचं नाव आलं, आणि गोमतीबाईनं डिनर सेटचं खोकं फोडून त्या दिवशी त्यात गावाला जेवू घातलं. मेडशीची ती पोरगी लागली की नाही, हे मात्र पुंजाजीला कधीच कळलं नाही. गडबडीत तिचं नाव विचारायचंच राहून गेलं.

पण त्या सकाळी फाटकापाशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत शिट्टी झाली. पोरींचा घोळका धूळ उडवत निघाला, आणि त्यात लांबून ओळखू येत होते ते दोन शेंदरी ठिपके. पहिली फेरी संपेस्तोवर ते मधेच कुठंतरी होते. शेवटच्या वळणाला ते दोघी-तिघींच्या मागं पडले. पुंजाजीला राहवेना. सकाळभर ज्याच्या तोंडून सुनेसाठी एक शब्द निघाला नव्हता, तो म्हातारा फाटकाचे गज धरून, मानेच्या शिरा ताणून ओरडू लागला, "पळ वं माय! पळ! पळ, पोरी!"

अनवाणी उभ्या असलेल्या साधनानं एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि मग गजांना धरून तीही ओरडू लागली.